घराला रंग काढताना: शेड निवडायची कशी, पायरीपायरीने

घराला रंग काढायचं ठरलं की दुकानातून शेड कार्ड येतं, सगळं घर त्याभोवती बसतं आणि संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली एकेक शेड पसंत होते. रंगारी आठवड्याभरात काम उरकतो. मग लक्षात येतं, की कार्डावर शांत वाटलेला पिस्ता भिंतीवर हिरवागार दिसतोय आणि बेडरूमचा ‘हलका पीच’ संध्याकाळी अक्षरशः नारिंगी होतोय. तोवर पैसे गेलेले असतात. रंगकामात मजुरीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे नुसता डबा बदलून भागत नाही.

म्हणून पहिल्यांदा घराला रंग काढणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच आग्रहाचं सांगणं असतं: शेड कार्ड सगळ्यात शेवटी उघडा. भिंतीवर दिसणारा रंग डब्यातल्या रंगाइतकाच तुमच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडावर, फरशीवर आणि दिव्यांवर ठरतो. या गोष्टी आधी नीट पाहिल्या, की हजारभर शेड्समधून आठ-दहाच उरतात आणि घरातले वादही कमी होतात.

पायरी १: भिंत रंग घ्यायला तयार आहे का

ओल असलेल्या भिंतीवर कुठलीही शेड टिकत नाही. पोपडे सुटलेले, बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागणारी, बाथरूमच्या मागची किंवा टेरेसखालची भिंत असेल तर आधी गळती शोधा. शंका असेल तर दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावा आणि दिवसभर तसाच ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर ती भिंत अजून ओली आहे.

दसरा-दिवाळीच्या आधी रंग काढायची आपल्याकडे पद्धत आहे, पण कोकणात आणि मुंबईत भिंती त्या वेळी पावसाचं पाणी धरून असतात. शिवाय रंगाऱ्यांच्याही हातात तेव्हा वेळ नसतो. जमत असेल तर डिसेंबर ते मार्च हे महिने जास्त चांगले. दिवाळीच गाठायची असेल तर निदान बाहेरच्या बाजूच्या भिंती तपासून घ्या. नवीन प्लास्टर असेल तर ते पुरतं सुकू द्या. ताज्या सिमेंटमधला क्षार रंगावर चढतो आणि गडद शेडवर फिकट डाग उमटतात.

जुन्या घरात दरवाजे-खिडक्यांचा जुना ऑईल पेंट खरवडणार असाल तर एक काळजी जरूर घ्या. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत असलं पाहिजे, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांमध्ये शिसं जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, पाणी लावून पॉलिश पेपरने घासायला सांगा आणि त्या दिवशी लहान मुलं व गरोदर बायका घरात नसतील असं बघा.

पायरी २: प्रत्येक खोलीचा उजेड टिपून ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळी निवड इथेच ठरते. एक वही घ्या. सुटीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावल्यावर अशा चार वेळा प्रत्येक खोलीत उभं राहा. ऊन थेट येतं का, किती वेळ येतं, कुठल्या भिंतीवर पडतं आणि दुपारी दिवा लावावा लागतो का, एवढंच लिहा.

पूर्वेच्या खोलीत सकाळी पिवळं ऊन येतं आणि दुपारनंतर उजेड थंड, निळसर होतो. पश्चिमेच्या खोलीत उलट: सकाळभर शांत, आणि चारनंतर तांबूस ऊन आत घुसतं. त्या उन्हात पीच, पिवळा आणि गुलाबी फार भडकतात. फिकट राखाडी, करडा हिरवा किंवा निळसर पांढरा तिथे चांगले निभावतात. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात भरपूर ऊन येतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने फारसं येत नाही.

उत्तरेच्या खोलीत ऊन कमी, उजेड एकसारखा आणि थोडा निळसर. इंटरनेटवरचे बरेच सल्ले थंड देशांतून आलेले असतात. त्यांत उत्तरेच्या खोलीत वर्षभर ऊन येतच नाही असं धरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, होऊन गेला, की जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य मुंबई-पुण्यात डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात उत्तरेच्या खिडकीतही कडेकडेने ऊन येतं. नंतर मात्र ढग येतात, आणि महाराष्ट्रातल्या घराची खरी परीक्षा पावसाळ्यात असते. चार महिने आभाळ करडं असतं. तेव्हा थंड राखाडी भिंतींची उत्तरेची खोली फार उदास वाटते. अशा खोलीला किंचित पिवळसर किंवा मातकट झाक असलेला पांढरा द्या.

शहरात दिशेपेक्षाही समोर काय आहे ते महत्त्वाचं. खिडकीसमोर दहा-पंधरा फुटांवर शेजारच्या सोसायटीची विटकरी भिंत असेल, तर तुमच्या खोलीत येणारा उजेड विटकरी असतो. समोर आंब्याचं झाड असेल तर तो हिरवट असतो, आणि त्या खोलीत फिकट गुलाबी रंग मळकट दिसतो. डक्टकडे खिडकी असलेल्या खोलीत दिवसाही दिवाच लागणार. तिथला रंग दिव्याखालीच निवडायचा.

दिव्यांचीही नोंद करा. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्या घरांत सर्रास दिसतो तो. ३००० म्हणजे पिवळट, आणि ४००० त्यांच्या मधला. ६५०० च्या दिव्याखाली राखाडी रंग निळा दिसतो आणि क्रीम निस्तेज. ३००० च्या दिव्याखाली क्रीम चांगलाच पिवळा होतो आणि फिकट निळा राखाडीकडे झुकतो. दिवे बदलायचे असतील तर रंग निवडण्याआधी बदला.

पायरी ३: जे बदलणार नाही ते आधी मान्य करा

फरशी, किचनचा ओटा, दरवाजे, वॉर्डरोबचा सनमायका, सोफा. रंग यांच्या शेजारी राहणार आहे, म्हणून तो यांच्याशी जुळायला हवा. यात फरशी सगळ्यात महत्त्वाची, कारण खिडकीतला उजेड आधी फरशीवर पडतो आणि तिचा रंग घेऊन भिंतींवर जातो.

बिल्डर देतात ती क्रीम व्हिट्रिफाइड टाइल असेल तर निळसर पांढरा आणि थंड राखाडी टाळा. त्यांच्या शेजारी चांगली फरशीसुद्धा जुनाट, पिवळी पडल्यासारखी दिसते. तिच्यासोबत उबदार ऑफ-व्हाइट, बदामी किंवा करडी हिरवी झाक घ्या. कोटा स्वतः हिरवट-निळसर करडा असतो. त्याला मलईच्या जवळचा पांढरा किंवा अगदी फिका पिवळा उठाव देतो. शहाबादी फरशीलाही हेच लागू. जुन्या सोसायट्यांमधल्या मोझेक टाइल्स बघून लोक नाक मुरडतात, पण रंग निवडायला त्यांच्याइतकी सोपी फरशी दुसरी नाही. तिच्यात चार-पाच रंगांच्या चिप्स असतातच. त्यातली सगळ्यात कमी दिसणारी चिप निवडा आणि तिची फिकट शेड भिंतीला द्या. खोली आपोआप जुळून येते.

सागवानी दरवाजे आणि फर्निचरला नारिंगी-तपकिरी झाक असते. गुलाबीकडे झुकणारं क्रीम त्याच्याशी भांडतं. करडा हिरवा, निळसर राखाडी किंवा स्वच्छ मलईचा पांढरा असेल तर लाकूड उठून दिसतं.

पायरी ४: खोलीत काय चालतं ते बघा

हॉलपासून सुरुवात करा, पण हॉल एकटा बघू नका. मुख्य दारात उभं राहून एका नजरेत कुठल्या कुठल्या भिंती दिसतात ते मोजा. आपल्या फ्लॅटमध्ये हॉल, पॅसेज आणि किचनचा एक कोपरा हमखास एकत्र दिसतो. या सगळ्यांना एकच मूळ रंग ठेवा. पॅसेजला स्वतःचा उजेड नसतो, त्याला वेगळा गडद रंग दिला तर दिवसाढवळ्या दिवा लावावा लागेल. छोट्या घरात प्रत्येक खोलीला वेगळा रंग देण्याचा मोह फार होतो. दारं उघडी असताना ते सगळे रंग एकमेकांत मिसळून दिसतात आणि घर आहे त्याहून लहान वाटतं.

एका भिंतीला गडद रंग द्यायचा असेल तर ती भिंत विचारपूर्वक निवडा. ज्या भिंतीत खिडकी आहे तिच्यावर खिडकीचा उजेड पडतच नाही, ती नेहमी अंधारी दिसते आणि गडद केली तर खिडकी डोळ्यांवर येते. तिला उलट सगळ्यात हलका रंग द्या. टीव्हीमागची भिंत मध्यम गडद आणि बिनचमकीची असेल तर डोळ्यांना आराम पडतो.

बेडरूम बहुतेकांच्या वापरात येते ती रात्री आणि पहाटे, म्हणून तिची शेड दुपारच्या उन्हात पसंत करू नका. पलंगावर आडवं पडल्यावर समोरची भिंत आणि छत एवढंच दिसतं. गडद रंगाची हौस असेल तर तो उशाकडच्या भिंतीला द्या. खोलीत शिरताना तो दिसेल आणि झोपताना डोळ्यांसमोर येणार नाही.

किचनमध्ये फोडणीचा तेलकट धूर सगळ्या घरापेक्षा जास्त. टाइल्सच्या वरची पट्टी आणि गॅसवरचं छत सगळ्यात आधी पिवळं पडतं. हळदीचे डाग शुभ्र पांढऱ्यावर फार ठळक दिसतात, मलईकडे झुकणाऱ्या पांढऱ्यावर कमी. ओट्याजवळ गर्द हिरवा किंवा गर्द निळा नको, त्याचा उजेड ताटातल्या अन्नावर पडतो आणि भाजी-वरणाचा रंग बिघडलेला वाटतो. देवघराची भिंतही धुराचीच. समई आणि उदबत्तीची काजळी रोज बसते, तिथे पुसता येईल असाच रंग हवा. थोडी गडद, उबदार शेड तिथे शोभते आणि काजळीही लपवते.

मुलांच्या खोलीत कार्टूनची भिंत करण्यापेक्षा जमिनीपासून साडेतीन-चार फुटांपर्यंत धुता येणारा, जरा गडद पट्टा ओढा आणि वर हलका रंग ठेवा. पेन्सिली, तेलकट हात, चेंडू यांचं सगळं त्या पट्ट्यातच घडतं. मूल मोठं झालं की तेवढाच पट्टा बदलता येतो.

आजी-आजोबांच्या खोलीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि फिकट रंगांमधला, विशेषतः निळ्या छटांमधला, फरक कळेनासा होतो. पांढरी भिंत, पांढरी चौकट, पांढरा स्विचबोर्ड अशी खोली आपल्याला नीटनेटकी वाटते, पण रात्री उठणाऱ्या माणसाला तिच्यात दाराची कड शोधावी लागते. भिंत हलकी ठेवून दाराची चौकट आणि बाथरूमचं दार दोन-तीन शेड गडद करा. स्विचबोर्डभोवती चार इंचांचा गडद चौकोन काढला तरी मोठा उपयोग होतो. आणि रंग त्यांना विचारून ठरवा. घरात वास्तूप्रमाणे रंग हवे असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असेल तर तोही मोडायची गरज नाही. ‘पिवळा’ म्हटलं तरी त्यात शंभर फिकट छटा असतात, आणि त्यातली एखादी तुमच्या उजेडाला जमतेच.

छताला पांढराच द्या. आपल्या फ्लॅटची उंची साधारण साडेनऊ फूट, त्यावर गडद छत अंगावर येतं. बाथरूमच्या छताला मात्र बुरशीरोधक रंग मागून घ्या.

पायरी ५: आता शेड कार्ड उघडा

एवढं झाल्यावर दुकानात जा. कार्डावर एका पट्टीत एकच रंग फिक्यापासून गडदपर्यंत दिलेला असतो. फिकी शेड आवडली की त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघा. फिक्या रंगाची खरी झाक तिथे उघडी पडते. पांढरे दिसणारे दोन रंग घ्या: एकाच्या पट्टीत खाली हिरवा निघतो, दुसऱ्याच्या खाली गुलाबी. भिंतीवर तीच झाक वर येणार आहे.

कार्डापेक्षा भिंतीवर रंग नेहमी जास्त भडक दिसतो, कारण चारही भिंती आपापला रंग एकमेकींवर टाकतात. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी हलकी किंवा जरा करडेपणाकडे झुकलेली शेड घ्या. माझा अनुभव असा, की कार्डावर ‘जरा मळकट वाटतो’ म्हणून बाजूला ठेवलेला रंगच बहुतेक वेळा भिंतीवर सुंदर दिसतो.

काही कंपन्या प्रत्येक शेडचा एलआरव्ही देतात. ती भिंत किती उजेड परत फेकते याचा ० ते १०० मधला आकडा. कमी उजेडाच्या खोलीत ६५-७० च्या खाली जाऊ नका. पण अंधाऱ्या खोलीवर शुभ्र पांढरा हाही उपाय होत नाही. परत फेकायला उजेडच नसला तर पांढरा रंग राखाडी दिसतो, त्यापेक्षा फिका उबदार रंग बरा.

पणजीच्या फोंतेन्यास भागातली निळी, पिवळी, तांबडी घरं बघून तसेच रंग घरात आणावेसे वाटतात. तिथे ते रंग बाहेर आहेत, लख्ख उन्हात आहेत आणि प्रत्येक खिडकीभोवती पांढरी पट्टी आहे. तोच निळा घरात हवा असेल तर एकाच भिंतीला द्या आणि तिच्या कडेने पांढरं राहू द्या.

पायरी ६: नमुना लावल्याशिवाय हो म्हणू नका

दोन, फार तर तीन शेड्स ठरवा आणि प्रत्येकीची सगळ्यात छोटी डबी आणा. जुन्या रंगावर नमुना लावू नका. जुन्या पिवळ्याशेजारी प्रत्येक नवा रंग निळसर वाटतो. सगळ्यात सोयीचं म्हणजे जाड पांढरा ड्रॉइंग पेपर. त्याच्या कडेने दोन इंच पांढरी जागा सोडून दोन हात मारा आणि पूर्ण सुकू द्या. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, ओलं असताना हलकं दिसतं आणि सुकल्यावर जरा गडद होतं.

मग तो कागद खोलीभर फिरवा: खिडकीशेजारी, कोपऱ्यात, वॉर्डरोबला लागून, फरशीला टेकवून. एका वेळी एकच कागद लावा, नाहीतर डोळा रंग बघायचा सोडून फरक बघत बसतो. सकाळी, संध्याकाळी आणि दिव्याखाली बघा, शक्य असेल तर ढगाळ दिवशीही. तीन-चार दिवसांत एक कागद खटकायला लागतो आणि एक नजरेआड होऊन जातो. न खटकणारा घ्या. मोबाइलवरच्या ॲपमध्ये भिंत रंगवून बघायची सोय असते, ती कुठली भिंत गडद करायची हे ठरवायला ठीक आहे. शेड ठरवायला तिचा उपयोग नाही, प्रत्येक स्क्रीन रंग वेगळा दाखवते.

पायरी ७: रंगाचा प्रकार आणि चमक

शेड ठरली तरी ती कशात हवी ते सांगावं लागतं. डिस्टेंपर स्वस्त, पण ओल्या फडक्याने पुसला की उतरतो. भाड्याच्या घरासाठी किंवा छतासाठी चालेल. भिंतींना इमल्शन, म्हणजे रंगारी ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतात तो घ्या. चमक जितकी जास्त तितकं पुसणं सोपं, पण भिंतीचे खड्डे आणि पुट्टीचे पट्टे तितकेच जास्त दिसतात. जुन्या, उंचसखल भिंतींना मॅट, म्हणजे बिनचमकीचा, आणि किचन व मुलांच्या खोलीला थोडी चमक, असं वाटून घ्या.

लाल, गडद पिवळा आणि नारिंगी या रंगांची झाकण्याची ताकद कमी असते. त्यांना दोन हातांत काम होत नाही, तिसरा हात लागतो आणि गडद बेसमुळे (बेस म्हणजे ज्यात शेडचा रंग मिसळतात तो मूळ रंग) डबाही महाग पडतो. दरवाज्यांना पांढरा ऑईल पेंट देणार असाल तर तो काही वर्षांत पिवळा पडतो, अंधाऱ्या जागी जास्तच. पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या किंवा आधीच ऑफ-व्हाइट निवडा.

पायरी ८: माप, खरेदी आणि कामाचे दिवस

१० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, म्हणजे ४१८ चौरस फूट. दार आणि खिडकीचे मिळून ४१ वजा केले की ३७७ उरले. चांगल्या इमल्शनचा एक लिटर पुट्टी-प्रायमर केलेल्या भिंतीवर दोन हातांसाठी साधारण १२० चौरस फुटांना पुरतो. म्हणजे सव्वातीन लिटर. डब्यावर छापलेला आकडा पाहून स्वतः हा हिशेब करा, मगच रंगाऱ्याची यादी बघा.

मजुरी वेगळी ठरवायची की साहित्यासकट, हे आधी बोलून घ्या. साहित्यासकट असेल तर रंगाचं पूर्ण नाव, शेडचा कोड, प्रायमर, पुट्टीचे आणि रंगाचे किती हात हे कागदावर लिहून घ्या. नुसतं ‘चांगला रंग’ एवढ्यावर सोडू नका. डबे सीलबंद तुमच्यासमोर उघडले जावेत. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायला सांगा. जास्त पातळ केलेला रंग झाकत नाही आणि शेडही फिकी दिसते.

एका खोलीचा सगळा रंग दुकानातल्या शेड मिसळायच्या मशीनवर एकदमच करून घ्या. दोन वेगळ्या दिवशी काढलेल्या डब्यांत कोड तोच असला तरी थोडा फरक पडू शकतो. एकापेक्षा जास्त डबे असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग भिंतीला लावायला सांगा. पहिला हात एका भिंतीवर मारून झाला की एकदा ऊन बघून आणि एकदा दिवे लावून पाहा. शंका असेल तर त्याच वेळी काम थांबवा, रंगाऱ्यालाही ते परवडतं.

काम झालं की प्रत्येक डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा: कोड, रंगाचं नाव, बेस, तारीख. खोलीमागे अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवा आणि वर खोलीचं नाव लिहा. मॅट भिंतीवर खिळ्याचं भोक किंवा ओरखडा या रंगाने बुजवता येतो. चमक असलेल्या भिंतीवर असा ठिपका उठून दिसतो, तिथे त्या कोपऱ्यापासून या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीलाच एक हात मारावा लागतो.